न झालेल्या खेळाचा बयाणा

अजून तयार न झालेली वस्तू पूर्ण पैसे मोजून विकत घ्यायची, हा व्यवहार ऐकायला विचित्र वाटतो. पण संगणकावरच्या खेळांच्या दुनियेत गेली दहा-बारा वर्षं तो रोज होतो आहे. खेळ अर्धाच झालेला असतो. पहिले दोन-तीन टप्पे खेळता येतात, शेवट लिहायचा बाकी असतो, मधेच एखादं पात्र भिंतीत अडकून बसतं. तरीही तो दुकानात मांडलेला असतो, त्यावर किंमत असते आणि घेणारेही असतात. या पद्धतीला ‘अर्ली अ‍ॅक्सेस’ म्हणतात. मराठीत तिला सगळ्यात जवळचा शब्द मला ‘बयाणा’ वाटतो. तो पुरता बसत नाही, पण सुरुवात तिथूनच करू.

बयाणा हा शब्द आपल्याकडे अरबी-फारसीतून आला. अरबीत ‘बै’ म्हणजे विक्री. त्यावरून फारसीत ‘बैआना’ झालं आणि मराठीने त्याचा बयाणा केला. करार, मुदत, वायदा, रक्कम, जामीन हे शब्दही त्याच वाटेने आले. नमुना फारसीतून आला. मराठी माणूस घर घेतो, बैल विकतो, लग्नाचा हॉल ठरवतो, तेव्हा त्याच्या तोंडी ही सगळी भाषा असते आणि ती कुठून आली याचा त्याला पत्ता नसतो. असण्याची गरजही नाही. पण या शब्दांसोबत एक जुना वादही आपल्याकडे आला आहे. जे अजून अस्तित्वात नाही, ते विकता येतं का?

या वादाची सुरुवात मदिनेतल्या खजुरांपासून होते. प्रेषित मुहंमद (स.) मक्का सोडून मदिनेत आले, तेव्हा तिथले लोक एक-दोन वर्षं पुढच्या फळांचे पैसे आधीच देत-घेत होते. बागायतदाराला हंगामाआधी पैशांची गरज असे आणि व्यापाऱ्याला स्वस्तात माल हवा असे. हजरत इब्न अब्बास यांच्याकडून आलेली ही हदीस बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही संग्रहांत आहे. तिच्यानुसार प्रेषितांनी हा व्यवहार बंद केला नाही. त्यांनी त्याला अटी घातल्या. माप ठरलेलं हवं, वजन ठरलेलं हवं आणि मुदतही ठरलेली हवी. या व्यवहाराला ‘सलम’ म्हणतात. एरवी जवळ नसलेली वस्तू विकू नये, हा इस्लामी व्यवहारशास्त्राचा मूळ नियम आहे. सलम हा त्याला दिलेला अपवाद, आणि तो गरजू बागायतदारासाठी दिलेला आहे.

याच विषयावरची दुसरी एक सूचना मला जास्त बोलकी वाटते. फळ पिकण्याची चिन्हं दिसेपर्यंत झाडावरचं फळ विकू नये, असं प्रेषितांनी सांगितलं. फळ धरलंच नाही, तर भावाचे पैसे कशाच्या बदल्यात घेतले, असा त्यामागचा सवाल आहे. रत्नागिरीकडे आमचे नातेवाईक आहेत. तिकडे आंब्याची बाग मोहोरावर असतानाच कराराने द्यायची पद्धत पुष्कळ ठिकाणी आहे. मोहोर बघायचा, अंदाज बांधायचा, सौदा करायचा. मग अवकाळी पाऊस आला की एकाच्या घरात सुतक आणि दुसऱ्याच्या घरात हिशेब. या सौद्यांमधली भांडणं ज्यांनी पाहिली आहेत, त्यांना चौदाशे वर्षांपूर्वीचा तो सवाल समजावून सांगावा लागत नाही.

फकिहांनी, म्हणजे कायद्याच्या जाणकारांनी, सलमला आणखी एक अट जोडली. विक्री ‘इतक्या मापाचे, अमुक जातीचे खजूर’ अशीच करायची. ‘अमक्याच्या त्या बागेतले खजूर’ असं ठरवायचं नाही. कारण सरळ आहे. ती एक बाग बुडाली तर ते खजूर जगात दुसरीकडे कुठेच मिळणार नाहीत. माल बाजारात कुठूनही आणून देता येण्यासारखा हवा.

मग चांभाराकडे पायाचं माप देऊन जोडा शिवून घ्यायचा असेल तर? जोडा अजून नाही. तो बाजारातून आणूनही देता येत नाही, कारण तो माझ्याच पायाचा आहे. यासाठी हनफी पंथाने ‘इस्तिस्ना’ मान्य केलं, म्हणजे कारागिराकडून वस्तू बनवून घेण्याचा करार. काटेकोर तर्काने पाहिलं तर तो बसत नाही, असं इमाम जुफर म्हणत होते. पण लोक पिढ्यान्‌पिढ्या असे व्यवहार करत आले होते आणि त्यावाचून त्यांचं अडत होतं, म्हणून तो स्वीकारला गेला. इमाम अबू हनिफा स्वतः कूफा शहरातले कापडाचे व्यापारी होते. त्यांच्या विचारांत दुकानातली जाण दिसते, ती मला यामुळेच वाटते. वस्तू न पाहता घेतली असेल, तर ती पाहिल्यावर नाकारायचा हक्कही हनफी मत खरेदीदाराला देतं. बनवून घेतलेली वस्तू ठरल्याबरहुकूम निघाली तर खरेदीदाराला ती नाकारता येणार नाही, असं त्यांचे शिष्य इमाम अबू यूसुफ यांनी मांडलं. पुढे उस्मानी साम्राज्याने १८६९ ते १८७६ दरम्यान ‘मजल्ला’ हा दिवाणी कायदा तयार केला, तेव्हा यूसुफांचंच मत त्यात घेतलं गेलं.

आता पुण्यात येऊ. अपूर्ण वस्तू विकण्याचा या शहराचा अनुभव मोठा आहे आणि त्यातलं सगळ्यात मोठं उदाहरण पुस्तकाचं आहे.

डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकर अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठात डॉक्टरेट करून आले आणि मराठीत ज्ञानकोश करायचा म्हणून बसले. सरकार पाठीशी नव्हतं, कुणी संस्थानिक सगळा खर्च उचलणार नव्हता. त्यांनी मार्ग काढला तो कंपनीचा. ‘महाराष्ट्रीय ज्ञानकोश मंडळ’ ही लिमिटेड कंपनी आधी नागपुरात निघाली आणि मग काम पुण्यात आलं. शेअर विकले गेले, वर्गणीदार जोडले गेले. म्हणजे कोशाचा एकही खंड हातात नसताना, पुढे तो निघेल या भरवशावर शेकडो मराठी घरांनी खिशात हात घातला. पुढच्या काळात तेवीस खंड निघाले. मराठीतला हा पहिला विश्वकोश, आणि तो उभा राहिला तो न लिहिलेल्या पानांच्या विक्रीवर.

यातली एक गंमत मला फार आवडते. पहिले पाच खंड निघाले ते प्रस्तावनेचेच. हिंदुस्थान आणि जग, वेदविद्या, बुद्धपूर्व जग, बुद्धोत्तर जग, विज्ञानेतिहास असे एकेका विषयाचे जाडजूड ग्रंथ. कोश म्हणून ज्याने वर्गणी भरली, त्याला वाटलं असेल की घरात ‘अ’पासून शब्द येतील. ‘अ’ यायला सहाव्या खंडाची वाट पाहावी लागली. माल चांगला होता, पण मागवला होता त्या क्रमाने आला नाही. बनवणाऱ्याच्या डोक्यात जे होतं ते आधी आलं. खेळ अर्धवट विकणाऱ्या आजच्या कंपन्याही असंच करतात. लोक म्हणतात, आधी शेवटचा टप्पा द्या. ते म्हणतात, थांबा, आधी पावसाचं दृश्य सुधारतो.

केतकरांनी मात्र एक काम केलं, जे आजचे फार कमी लोक करतात. ‘माझे बारा वर्षांचे काम’ नावाचं पुस्तक लिहून त्यांनी ज्ञानकोश मंडळाचा इतिहास लोकांसमोर ठेवला. ज्यांच्या पैशावर काम झालं, त्यांना ते कसं झालं हे सांगितलं. पुढचं आयुष्य त्यांनी ओढग्रस्तीत काढलं आणि १९३७मध्ये पुण्यातच त्यांचं निधन झालं. पण वर्गणीदारांचा कोश पुरा झाला. पुढे महादेवशास्त्री जोशींनी याच शहरात भारतीय संस्कृतिकोशाचे दहा खंड काढले. पहिला खंड १९६२चा आणि अखेरचा १९७९चा. सतरा वर्षं. प्रकाशनपूर्व सवलत नावाची जी गोष्ट मराठी वाचकाला अजून ओळखीची आहे, ती याच परंपरेतली.

पुस्तकांच्या बाबतीत पुणेकर सुखरूप सुटले. घरांच्या बाबतीत तसं झालं नाही. आमच्या मामूंनी कोंढव्यात एक फ्लॅट नकाशावर पाहून घेतला होता. इमारत उभी राहायला ठरल्यापेक्षा कितीतरी वर्षं जास्त लागली आणि नकाशातली बाग शेवटी पार्किंग झाली. बिल्डरचं नाव घ्यायचं कारण नाही. अशी गोष्ट कोंढव्यात, वाकडला, धायरीला कुठल्याही चहाच्या टपरीवर ऐकायला मिळते. अशा लाखो मामूंच्या तक्रारींतूनच कायदे झाले. महाराष्ट्रात १९६३मध्ये फ्लॅट मालकीचा कायदा आला. मग २०१६मध्ये रेराचा केंद्रीय कायदा झाला आणि मे २०१७पासून महारेरा कामाला लागलं. करार नोंदवल्याशिवाय किमतीच्या दहा टक्क्यांहून जास्त रक्कम घ्यायची नाही. घेणाऱ्यांकडून आलेल्या पैशांपैकी सत्तर टक्के वेगळ्या खात्यात ठेवायचे आणि ते जमीन व बांधकामावरच खर्च करायचे. कार्पेट एरिया सांगायचा आणि ताबा देण्याची तारीख सांगायची. माप आणि मुदत. मदिनेतल्या खजुरांच्याच अटी, फक्त चौरस मीटरमध्ये.

आता खेळ. ज्यांनी हे खेळ पाहिलेले नाहीत त्यांच्यासाठी थोडं सांगतो. ‘डंजन क्रॉलर’ म्हणजे तळघरात उतरत जायचा खेळ. देवगिरीच्या किल्ल्यातली अंधारी आठवा. हातात पलिता, पुढे काय आहे ते दिसत नाही, वळणावर कुणी दबा धरून बसलेलं असू शकतं आणि मागे फिरायची वाट सापडेल याची खात्री नाही. १९८०च्या ‘रोग’ या खेळात हे सगळं नुसत्या अक्षरांनी आणि चिन्हांनी दाखवलेलं होतं. १९८१मध्ये ‘विझर्ड्री’ आला, १९८७मध्ये ‘डंजन मास्टर’. १९९२च्या ‘अल्टिमा अंडरवर्ल्ड’मध्ये ते तळघर खरोखर भोवती फिरून पाहता येऊ लागलं. मग त्याच मंडळींनी तलवारी आणि राक्षस बाजूला ठेवले आणि तळघर उचलून अंतराळात नेलं. १९९४चा ‘सिस्टम शॉक’ तो हा. सिटाडेल नावाचं अंतराळस्थानक, त्यात बिथरलेली शोडान नावाची यंत्रबुद्धी आणि तिच्याशी झुंजत एकेक मजला चढणारा एकटा माणूस. विज्ञानकथेतला डंजन क्रॉलर म्हणजे काय, याचं हे जवळजवळ मूळ उदाहरण.

पुण्यात तेव्हा हे खेळ विकत घेण्याचा प्रश्नच नव्हता. पुढे सीडीचा जमाना आला, तेव्हा कॅम्पातल्या फुटपाथवर नक्कल केलेल्या सीड्या मिळायच्या आणि त्या मित्रामित्रांत फिरायच्या. पूर्ण झालेल्या खेळाचेही पैसे न देणारी ती पिढी. आज तिचीच मुलं न झालेल्या खेळाचे पैसे देतात. नैतिक प्रगती म्हणायची तर म्हणा!

ही सवय लावली ती मुख्यतः ‘माइनक्राफ्ट’ने. स्वीडनमधल्या एका माणसाने २००९मध्ये तो अर्धामुर्धा असतानाच विकायला काढला. खेळ पुरा झाला तो नोव्हेंबर २०११मध्ये, पण त्याआधीच त्याच्या दहा लाख प्रती खपल्या होत्या. मार्च २०१३मध्ये ‘स्टीम’ या सगळ्यात मोठ्या ऑनलाइन दुकानाने अशा अपूर्ण खेळांसाठी वेगळा विभागच उघडला. दुसरीकडे ‘किकस्टार्टर’ होतं. तिथे खेळाचा फक्त बेत दाखवायचा आणि वर्गणी मागायची, म्हणजे थेट केतकरांचाच मार्ग. या दोन्ही वाटांनी विज्ञानकथेतले तळघरी खेळ भरपूर आले, कारण ते बनवणारे बहुतेक लहान गट असतात आणि मोठ्या कंपन्यांना त्यांत रस नसतो.

‘सिस्टम शॉक’चं पुढचं प्रकरण इथे नीट सांगायला हवं. तोच खेळ नव्याने बनवायचा म्हणून २०१६मध्ये नाइटडाइव्ह स्टुडिओने किकस्टार्टरवर वर्गणी काढली. एकवीस हजारांहून जास्त लोकांनी मिळून साडेतेरा लाख डॉलर दिले. खेळ डिसेंबर २०१७मध्ये मिळेल असं सांगितलं होतं. तो महिना उलटला आणि फेब्रुवारी २०१८मध्ये स्टुडिओने कामच थांबवलं. प्रमुखाने उघडपणे लिहिलं की आम्ही मूळ बेतापासून भरकटलो. पैसे आले, मग अपेक्षा वाढल्या, मग जुना खेळ नवा करण्याऐवजी भलताच खेळ होऊ लागला. वर्गणीदार चिडले. ते साहजिक होतं. पण काम पुन्हा सुरू झालं, बेत मूळ मापाला आणला गेला आणि ३० मे २०२३ रोजी खेळ बाहेर आला. तो चांगला निघाला. मुदत मात्र साडेपाच वर्षांनी चुकली. सलमच्या भाषेत बोलायचं तर माप राखलं, मुदत बुडवली.

सगळे इतके नशीबवान नव्हते. ‘स्पेसबेस डीएफ-९’ हा अंतराळस्थानक चालवायचा खेळ डबल फाइन या नावाजलेल्या स्टुडिओने ऑक्टोबर २०१३मध्ये अपूर्ण विकायला काढला. वर्षभरात विक्रीच्या पैशांतून पुढचं काम भागेना, तेव्हा ठरवलेल्या कितीतरी गोष्टी सोडून देऊन त्यांनी त्यावर ‘पूर्ण’ असा शिक्का मारला. घेणाऱ्यांनी आरडाओरड केली, पण कोणता करार मोडला ते सांगता येईना. मुळात करारच नव्हता.

माझी बहीण हडपसरला राहते. तिच्या मुलाचा याच मुद्द्यावर माझ्याशी वाद झाला. त्याला एक विज्ञानकथेतला तळघरी खेळ घ्यायचा होता, अजून बनत असलेला. याआधी घेतलेला तसाच एक खेळ बनवणाऱ्यांनी मधेच सोडून दिला होता, त्यामुळे बहीण पैसे द्यायला तयार नव्हती. तो मला म्हणाला, “मामू, तुम्हीच सांगा अम्मीला. आत्ता घेतला तर स्वस्त आहे, पूर्ण झाल्यावर महाग होणार.” मी म्हटलं, “पूर्ण होणार हे तुला कोणी सांगितलं?” तो म्हणाला, “त्यांनी लिहिलंय ना.” मग आम्ही दोघांनी बसून त्यांनी नेमकं काय लिहिलंय ते वाचलं.

स्टीमच्या प्रत्येक अपूर्ण खेळाच्या पानावर ठरलेली प्रश्नोत्तरं असतात. खेळ अपूर्ण का विकता, किती काळ लागेल, पुऱ्या खेळात काय जास्त असेल, आत्ता काय स्थिती आहे, किंमत वाढेल का. वर दुकानाची स्वतःची सूचना असते, की हा खेळ पुढे बदलेल किंवा बदलणारही नाही, आत्ता आहे तसा आवडत नसेल तर थांबा. नोव्हेंबर २०१४मध्ये स्टीमने बनवणाऱ्यांनाही बजावलं होतं की पुढच्या गोष्टींची ठाम आश्वासनं देऊ नका. भाच्याच्या त्या पानावर काळाच्या प्रश्नाला उत्तर होतं, साधारण एक वर्ष, किंवा खेळाला जितका लागेल तितका. मी त्याला म्हटलं, हे रेराच्या अर्जात लिहून बघ काय होतं.

थोडक्यात, हे सलम नाही. माप नाही, मुदत नाही, आणि ती एकच बाग आहे. हा स्टुडिओ बुडाला तर तो खेळ दुसरं कुणी आणून देणार नाही. हे इस्तिस्नाही नाही. जोडा माझ्या पायाच्या मापाने शिवला जात नाही, शिवणाऱ्याच्या मनाने शिवला जातो. किकस्टार्टरने तर २०१२मध्येच जाहीर सांगितलं होतं की आम्ही दुकान नाही. तिथे दिलेले पैसे चंद्याच्या जास्त जवळ जातात. मी मुफ्ती नाही आणि फतवा देत नाही. पण मला एकच बाजू धड उभी राहताना दिसते. आज स्क्रीनवर जो खेळ आहे, तेवढाच विकत घ्यायचा. त्यात दोन संध्याकाळी रमण्यासारखं काही असेल आणि तेवढ्याला ती किंमत वाजवी वाटत असेल, तर तो साधा, रोखीचा, डोळ्यांसमोरचा व्यवहार आहे. पुढे जे येईल ती बक्षिसी. आणि घेतल्यावर पटला नाही, तर चौदा दिवसांत आणि दोन तासांहून कमी खेळला असेल तर पैसे परत मिळतात. स्टीमने जून २०१५पासून ही सोय केली आहे. न पाहिलेली वस्तू पाहिल्यावर परत करायचा हनफी हक्क एका अमेरिकी दुकानाने असा उशिरा का होईना मान्य केला, याची मला गंमत वाटते.

मी स्वतः ‘जुपिटर हेल’ असाच घेतला होता. गुरू ग्रहाच्या कॅलिस्टो, युरोपा, आयो या चंद्रांवरचे तळ, अंधारे बोळ, आणि मेलात की पुन्हा पहिल्यापासून. पोलंडमधल्या छोट्या स्टुडिओचा हा खेळ. २०१९च्या ऑगस्टमध्ये तो अपूर्ण विकायला आला, तेव्हाच त्यात खेळण्यासारखं भरपूर होतं. २०२१च्या ऑगस्टमध्ये पुरा झाला. मधल्या टाळेबंदीच्या दिवसांत दर काही आठवड्यांनी त्यात काहीतरी नवं यायचं आणि मी ते बघायला पुन्हा खाली उतरायचो. ‘केव्ह्ज ऑफ कुद’ हा तसाच खोल गुहांचा, दूरच्या भविष्यातला खेळ २०१५मध्ये स्टीमवर अपूर्ण आला आणि डिसेंबर २०२४मध्ये पूर्ण झाला. नऊ वर्षं. संस्कृतिकोशाच्या निम्मी.

पण हे सगळं घेणाऱ्याच्या बाजूने झालं. बनवणारेही आता याच गावात आहेत, आणि त्यांचा विचार केला की माझं मत जरा डळमळतं. पुण्याच्या सुपरगेमिंगने ‘इंडस’ हा भारतीय भविष्यकल्पनेतला लढाईचा खेळ २०२२मध्ये जाहीर केला आणि ऑक्टोबर २०२४मध्ये आणला. मधली दोन वर्षं त्यांनी लोकांकडून फक्त नावं नोंदवून घेतली आणि काहींना चाचणीला खेळू दिला. खेळ फुकट असल्याने बयाण्याचा प्रश्न आला नाही. मोठ्या भांडवलाच्या कंपनीला हे जमतं.

ज्यांना जमत नाही त्यांचं उदाहरण म्हणजे ‘राजी’. श्रुती घोष, अविचल सिंग आणि इयान मॉड यांनी २०१७मध्ये पुण्यात ‘नॉडिंग हेड्स गेम्स’ काढली. भावाला असुरांच्या तावडीतून सोडवायला निघालेली एक मुलगी, राजस्थानी वाडे, पहाडी चित्रशैलीची भिंतचित्रं आणि कठपुतळीसारखा सावल्यांचा खेळ. विज्ञानकथा नव्हे, पुराणकथाच. त्या वर्षी त्यांनी किकस्टार्टरवर वर्गणी मागितली. नमुना म्हणून खेळाचा एक तुकडाही खेळायला दिला. ठरवलेली रक्कम जमली नाही. किकस्टार्टरचा नियम असा की रक्कम पूर्ण जमली नाही तर कुणाचाच पैसा कापला जात नाही. म्हणजे वर्गणीदारांचं काहीच नुकसान झालं नाही, आणि बनवणाऱ्यांना एक डॉलरही मिळाला नाही.

घेणाऱ्याच्या सुरक्षेची एवढी चोख व्यवस्था क्वचित सापडते. पण सलमला परवानगी मिळाली ती मुळात बागायतदाराच्या गरजेपोटी, हेही लक्षात ठेवायला हवं. पेरणीच्या वेळी पैसा नसेल तर पीक येत नाही. केतकरांच्या वर्गणीदारांनी एकही खंड न पाहता पैसे दिले नसते, तर आज आपल्या कपाटांत ते तेवीस खंड नसते. भाच्याला दिलेला माझा सल्ला, म्हणजे आज आहे तेवढंच विकत घे, तो त्या काळी सगळ्यांनी पाळला असता तर?

‘राजी’च्या मंडळींनी काम सोडलं नाही. खेळांचं इंजिन बनवणाऱ्या एपिक कंपनीचं अनुदान मिळालं, मग एक प्रकाशक मिळाला. १८ ऑगस्ट २०२० रोजी, महामारीच्या ऐन भरात, खेळ निंटेंडोच्या यंत्रावर आला आणि ऑक्टोबरमध्ये इतरत्र. पूर्ण झालेला, शेवटापर्यंत खेळता येणारा खेळ. त्या वर्षाअखेरीस ‘द गेम अवॉर्ड्स’ या जगभर पाहिल्या जाणाऱ्या सोहळ्यात पदार्पणाच्या सर्वोत्तम खेळासाठी त्याला नामांकन मिळालं. पुण्यात बनलेल्या खेळाला तो मान मिळणं ही मोठी गोष्ट होती. बक्षीस मात्र ‘फॅस्मोफोबिया’ नावाच्या, भुतं शोधायच्या खेळाला गेलं. तो इंग्लंडमधल्या एकट्या माणसाने बनवला होता, सप्टेंबरात विकायला आला होता, आणि बक्षीस मिळालं तेव्हा अजून अर्ली अ‍ॅक्सेसमध्येच होता.